चार मैलांचा गुन्हा

डेटन, ओहायो
३ मार्च १९८६

चि. आर्लिस यास,
ओपल आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईने पाठवलेली सुकी सफरचंदं पोचली. केक केला, सात थरांचा. आमचे नोव्हाक एकटे पाच थर खाऊन आता पोट धरून बसले आहेत.

तुला एक काम सांगते आहे. हे पत्र बाबांना दाखवू नकोस. ड्यूई माझा धाकटा भाऊ असला तरी त्याला कळलं की सगळ्या खोऱ्याला कळतं.

कारखाना बंद झाल्यापासून मी घरीच आहे. आता इथल्या शाळेची बस चालवायची नोकरी मिळते आहे. चाचणी घेणारा म्हणाला की एवढं धूड इतक्या अलगद मागे घेणारी बाई त्याने जन्मात पाहिली नाही. पण अर्जात एक प्रश्न आहे. तुमच्यावर कधी फौजदारी गुन्हा दाखल झाला होता का? झाला असल्यास पुढे काय झालं, त्याची कोर्टाची प्रमाणित नक्कल जोडा. पंधरा एप्रिलच्या आत.

दाखल झाला होता, बाळ. १९५८ सालच्या ऑक्टोबरमध्ये. मी एकोणीस वर्षांची होते. आपल्या सिकॅमोर खोऱ्याचा रस्ता म्हणजे नुसता ओढा. शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणायचा, माझी गाडी मासा नाही. तुझा बाप अकरा वर्षांचा होता, रोज चार मैल चिखल तुडवत खालच्या फाट्यापर्यंत जायचा. काउंटीचा ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सारखा करायचं यंत्र, चर्चजवळ महिनाभर किल्लीसकट उभा होता. एका सकाळी मी तो घेतला, चार मैल रस्ता खरवडून सारखा केला, कडेला चर काढले आणि जेवायच्या आत यंत्र जागेवर आणून लावलं. सीटसुद्धा पुसली. शेरीफचा माणूस तिथेच उभा होता. सोमवारी कोर्टात हजर राहा, असा कागद त्याने हातात दिला. शनिवारी मी ओहायोच्या बसमध्ये बसले.

पुढे काय झालं मला ठाऊक नाही. शिक्षा ठोठावली असेल, वॉरंट अजून जिवंत असेल. म्हणून तर नाताळला तुम्हालाच इकडे बोलावते. माझे बाबा गेले तेव्हाही फुलंच पाठवली.

तू नीटनेटका आहेस. काय ते शोधून कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या,
ओपल


सिकॅमोर खोरे
बेटनी काउंटी, केंटकी
११ मार्च १९८६

ती. ओपल आत्यास,
आर्लिसचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळाले. मी ते तीनदा वाचले आणि पिठाच्या डब्याखाली ठेवले. मग आई मक्याचा पाव करायला लागली, म्हणून तिथून काढून बुटात ठेवले. सध्या बुटातच आहे.

मी आठवीतून शाळा सोडली हे तुला माहीत आहे. त्यामुळे कोर्टात अर्ज करायचा म्हणजे मला परीक्षाच. मी अर्ज चार वेळा लिहिला आणि प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहून घेतला. कारण विचारले तर काय सांगायचे, याचीही तयारी केली होती. घराण्याचा इतिहास लिहितो आहे, असे सांगणार होतो. लग्नाचा टाय बांधला. बाबांनी विचारले की कोण मेले. मी म्हणालो, कोणी नाही. तेव्हा ते म्हणाले की मग एवढे रडवे तोंड कशाला.

कोर्टाच्या दप्तराच्या कारकून जेन्ट्रीबाई आहेत. त्यांनी आधी विचारले की तू कोणाचा. मी सांगितले, ड्यूईचा आर्लिस. मग काय हवे ते विचारले. मी घराण्याचा इतिहास सुरू केला तर त्यांनी हात वर करून मला थांबवले. फौजदारी खटल्यांचे कागद कोणीही पाहू शकतो, कारण सांगावे लागत नाही, आणि सांगायचेच असेल तर त्या रांगेतल्या माणसांना सांग, असे म्हणाल्या. मागची माणसे हसली. माझे कान तापले.

आता पद्धत सांगतो, म्हणजे मी काही चुकवले असेल तर तुला कळेल. आरोपीचे पूर्ण नाव, लग्नाआधीचे नाव, जन्मतारीख, अंदाजे वर्ष आणि गुन्ह्याचा प्रकार एवढे लिहून द्यायचे. बारीकसारीक गुन्हे खालच्या कोर्टात, मोठे वरच्या कोर्टात, आणि दोन्हींच्या वह्या निराळ्या. एकीत नाही म्हणून दुसरीत नाही, असे समजायचे नाही. आधी सूचीच्या वहीत नाव शोधायचे. नावापुढे खटल्याचा नंबर असतो. नंबर मिळाला की कागद मिळतात. नंबर नसेल तर, जेन्ट्रीबाईंच्या शब्दांत, तळघरात शंभर वर्षांचे कागद आहेत आणि मला दोनच गुडघे आहेत. नक्कल मागताना प्रमाणित म्हणून मागायची, तरच बोटाला लागणारा उठावाचा शिक्का मिळतो. साधी नक्कल डेटनमध्ये कोणी विचारणार नाही.

मी दोन्ही कोर्टांच्या वह्यांत १९५७ पासून १९६० पर्यंतचे आपल्या टॅकेट आडनावाचे सगळे लोक पाहिले. एकूण सव्वीस निघाले. त्यातले अकरा कोंबड्यांवरून. तू कुठेही नाहीस. लग्नानंतरच्या नोव्हाक नावानेही नाहीस.

जेन्ट्रीबाई म्हणतात की त्या तसा दाखला देऊ शकतात. या नावाची नोंद सापडली नाही, असे लिहून वर शिक्का. असा दाखला पुष्कळ लोक नेतात. तो जोडला तर तुझे काम होईल. पण आत्या, नोंद सापडली नाही म्हणजे घडलेच नाही असे नव्हे. मला रात्रभर झोप नाही. घेऊ का दाखला?

उत्तराच्या आणि तुझ्या रागाच्याही वाटेकडे डोळे लावून,

तुझा आज्ञाधारक भाचा,
आर्लिस

ता. क. आज्ञाधारक हा शब्द मी पाहून लिहिला आहे.


डेटन, ओहायो
१६ मार्च १९८६

चि. आर्लिस यास अनेक आशीर्वाद.

दाखला घेऊ नकोस.

नोव्हाक म्हणाले, वेडी आहेस का, देवानेच वही हरवली आहे, गप्प बस आणि शिक्का चिकटव. दोन दिवस मीही तसंच म्हणत होते. कोरा अर्ज स्वयंपाकघरात टांगून ठेवला होता आणि भांडी घासताना त्याच्याकडे बघत होते. पण मला त्या बसमध्ये चाळीस पोरं बसवायची आहेत. पहिल्याच कागदावर खोटं लिहून मी किल्ली कशी फिरवू? आणि दुसरं म्हणजे, राग येऊ देऊ नकोस, तो रस्ता मी केला होता. चार मैल. ओपल नावाची कोणी बाई त्या यंत्रावर बसलीच नव्हती, असा शिक्का मला नको.

नोकरी गेली तर गेली. शिक्षा झाली असेल तर तीही नीट लिहून पाठव. अठ्ठावीस वर्षं मी टपालपेटी उघडताना श्वास रोखून धरते. आता एकदा सोडू दे.

सव्वीस टॅकेट आणि अकरा कोंबड्यांवरून! आपलं कुळ थोर आहे.

पत्र बुटातून काढ. वास येतो.

तुझी आत्या


सिकॅमोर खोरे
२७ मार्च १९८६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आधी हे वाच आणि मग खाली बस, किंवा आधी बस. मला क्रम ठरवता येत नाही. सापडले.

मी पुन्हा गेलो, म्हणजे एकूण चौथ्यांदा. कोर्टाच्या पायऱ्यांजवळच्या बाकावर एस्टिल काका बसतात, ते लाकूड तासणारे. चारी वेळा त्यांनी मला टाय बांधलेला पाहिले होते. त्यांनी विचारले की बाबा रे, तुझे लग्न मोडते आहे की जमते आहे? मी कोणालाही सांगणार नव्हतो, पण थकलो होतो. म्हणालो, ओपल टॅकेट नावाची नोंद शोधतो आहे. त्यांनी हातातल्या लाकडाची एक लांब ढलपी काढली. मग म्हणाले की ओपल टॅकेट अशी कोणी बाई या काउंटीत कधी नव्हतीच. मी परत जायला वळलो. तेव्हा ते म्हणाले, होबार्टची ओपल मात्र होती.

आत्या, आजोबांचे नाव ऐकले आणि माझे डोके भिंतीवर आपटावे असे वाटले. जेन्ट्रीबाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारले होते की तू कोणाचा, आणि मी विचार न करता सांगितलेही होते. इथे कोण कोणाला आडनावाने ओळखतो? त्या काळच्या कारकून मिस लुला. एस्टिल काका सांगतात की टॅकेट सगळे एका पानावर लिहिले तर टॅकेटांचीच वही होईल, म्हणून ओळखीच्या माणसाला चारचौघांत जशी हाक मारतात तसेच त्या लिहीत. मी आत धावलो. टायचे टोक दारात अडकले. होबार्ट या नावाच्या पहिल्या अक्षराचे पान काढले, आणि तिथे निळ्या शाईत होते: होबार्टची ओपल, ग्रेडर, आणि पुढे नंबर.

तळघरात मी जेन्ट्रीबाईंबरोबर उतरलो, कारण आता गुडघे चार झाले होते. पाकीट पातळ होते. तीन कागद. तिसरा मी इथे शब्दशः उतरवून देतो. खटला चालवायचा की नाही हे ठरवायला बारा पंच बसवले होते, त्यांचा निर्णय आहे.

‘आम्ही सदर रस्ता स्वतः चालून पाहिला. तो आम्हाला आठवते तेव्हापासून इतका चांगला कधी नव्हता. शाळेची बस मंगळवारी वरपर्यंत आली. यात गुन्हा कोणता ते आम्हाला दिसत नाही. खटला चालवू नये. काउंटीने हे काम वर्षातून दोनदा करावे, आणि जमत नसल्यास होबार्टच्या ओपलला विचारावे.’

खाली बारा सह्या. तिसरी सही एस्टिल काकांची.

मी बाहेर येऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. म्हणालो, काका, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ते म्हणाले की बंद खोलीत काय बोलणे झाले ते सांगायचे नाही, अशी त्यांनी शपथ घेतली आहे. कोणते पान उघडायचे ते सांगू नये, असे मात्र त्यात कुठे नव्हते. पण विचारायला कोणी आले नव्हते, ते आज आले.

आता मला एक कबुली द्यायची आहे. घरी आल्यावर माझ्या चेहऱ्यावरूनच बाबांनी ओळखले आणि मी सगळे सांगून टाकले. ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, म्हणजे ओपलला माहीत नाही? मी म्हणालो, नाही. तिला कोणी सांगितलेच नाही? मी म्हणालो, तुम्हीच सांगा ना, तुम्ही का नाही सांगितले? तेव्हा ते म्हणाले की सगळ्या काउंटीला माहीत होते, मग तिला निराळे काय कळवायचे? आजोबांना लिहिता येत नव्हते, आणि आजी पत्रात फक्त कोंबड्यांविषयी लिहीत असे. बाबांना तर इतकी वर्षे वाटत होते की ओहायोच्या हवेने तुला खोऱ्याची लाज वाटते, म्हणून तू येत नाहीस. मग ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. परत आल्यावर म्हणाले की त्या मंगळवारी बसमध्ये पहिला मी चढलो होतो, हे तिला लिही.

प्रमाणित नक्कल सोबत आहे. शिक्का बोटाने चाचपून पाहा, उठावाचा आहे. आणखी एक नक्कल मी वेगळ्या टपालाने पाठवतो आहे, कारण टपाल हरवते. एक माझ्या बुटात आहे.

आपल्या पायांशी आणि आपल्या मायेशी कायम असलेला,

आर्लिस

ता. क. टॅकेटांच्या पानावर तुझे नाव नसल्याने पुढे कोणाची तरी फजिती होईल, असे मी जेन्ट्रीबाईंना म्हणालो. त्यांनी माझे अक्षर पाहून पेन माझ्याच हातात दिले. आता तिथे लिहिले आहे: टॅकेट, ओपल. पाहा, होबार्टची ओपल.


डेटन, ओहायो
२० एप्रिल १९८६

चि. आर्लिस यास पोटभर आशीर्वाद.

दोन्ही नकला पोचल्या. पहिली वाचून मी हसले, दुसरी वाचून रडले. मजकूर एकच होता, तरी.

अर्जावर मी हो लिहिलं आणि नक्कल जोडली. शाळेच्या कचेरीतल्या बाईंनी ती मोठ्याने वाचली. शेजारच्या टेबलावरचे लोक उठून आले, त्यांच्यासाठी पुन्हा वाचली. मग मुख्य साहेबांनी फक्त एवढंच विचारलं की ग्रेडर मागेही घेता येतो का. मी म्हटलं, येतो. गेल्या सोमवारपासून माझा मार्ग नंबर नऊ. पोरं गोड आहेत. एक चावतो.

ड्यूईला सांग की गाढवा, मला लाज खोऱ्याची नव्हती, शेरीफची भीती होती. आणि मंगळवारी पहिला तू चढलास, हे मला अठ्ठावीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. जाऊ दे. कोंबड्या बऱ्या होत्या, हे मात्र मला वेळोवेळी कळत होतं.

मे महिन्यात कबरींवर फुलं वाहायच्या रविवारी मी येते आहे. नोव्हाक गाडी चालवणार म्हणतात, पण काउंटीची हद्द आली की चाक माझ्या हाती घेईन. बाबांच्या कबरीला फुलं या वेळी हाताने वाहायची आहेत. रस्ता कसा आहे तेवढं कळव. गाडी नवी आहे आणि नोव्हाक जुने.

तुझ्यावरची माया आता शिक्क्यानिशी.

ओपल


सिकॅमोर खोरे
८ मे १९८६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू रस्त्याविषयी विचारले होतेस. मी मागच्या रविवारी काठी घेऊन मोजला. खड्डे चौसष्ट, त्यातले नऊ गुडघाभर. हे तुला कसे कळवावे या विवंचनेत मी तीन दिवस पत्र लिहिले नाही.

तू येणार, हे मी फक्त एस्टिल काकांना सांगितले होते. बाबांनी बाकीच्यांना सांगितले.

काल सकाळी खोऱ्याच्या तोंडाशी घरघर ऐकू आली. काउंटीचा ग्रेडर वर येत होता. आपण होऊन, कोणी अर्ज न करता. संध्याकाळपर्यंत चारही मैल झाले आणि कडेचे चरसुद्धा काढले. मी ड्रायव्हरला विचारले की अचानक कसे काय. तो म्हणाला की साहेबांचा निरोप आहे, होबार्टची ओपल पोचायच्या आत काम उरका आणि रात्री यंत्रातून किल्ली काढून घ्या.

ये. आई केक आठ थरांचा करते आहे.

तुझा,
ड्यूईचा आर्लिस