अठ्ठेचाळीस दिवसांत शांत

११ जुलै, शुक्रवार. पहाटे ५.१०
आजपासून रोज योग. एकही खाडा नाही. क्लास घेणाऱ्या हेमांगी मॅडम म्हणतात, अठ्ठेचाळीस दिवस सलग केलं की स्वभावच बदलतो. अठ्ठेचाळिसावा दिवस बरोबर संवत्सरीला येतोय. दोनदा मोजून पाहिलं. क्षमा मागण्याच्या दिवशी मी पूर्ण शांत.

मला राग येतो हे चेलनाचं म्हणणं. माझं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती जळगावहून माहेरी आली होती, आयुषीला घेऊन. नात पाच वर्षांची. दुकानात तिने स्टीलच्या पेल्यांची चळत पाडली. मी फक्त आवाज चढवला. पोरीने उभ्या उभ्या फ्रॉक ओला केला. त्याच संध्याकाळच्या गाडीने दोघी दोंडाईचातून परत. पप्पा, तुमचा राग उतरेल तेव्हाच हिला आणीन, असं पोटची पोर मला म्हणाली. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा दिसला की आयुषी बाजूला सरकते. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

ठीक आहे. राग नाहीच, तरी उतरवून दाखवतो.

१२ जुलै
काल मी पंख्याखाली बसलो होतो. आज तिथे तोतारामची चटई. हा माझ्या दुकानाशेजारचा स्टेशनरीवाला. जागा माझी आहे, एवढंच शांतपणे सांगितलं. मॅडम म्हणाल्या, रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. मंगल कार्यालयाचा हॉल घुमतो, त्याला मी काय करू? मॅनेजरलाही जाऊन तसं सुनावलं. हॉल बांधताना अक्कल वापरायला हवी होती.

१५ जुलै
शवासन. मॅडम म्हणाल्या, मन मोकळं सोडा. सोडलं, तर ते थेट ठोकवाल्याकडे गेलं. गेल्या आठवड्यात चेपलेले डबे पाठवलेत त्याने. तसाच उठलो, बाहेर गेलो, फोन लावला. पावणेसहाला हा माणूस झोपलेला. अशी माणसं धंदा करतात. शवासनातून उठून भांडायला गेलेला माणूस मॅडमनी म्हणे वीस वर्षांत पाहिला नव्हता. माझ्यात शिस्त आहे, ती लोकांच्या डोळ्यांत येतेच.

२३ जुलै
चार दिवस खाडा. खाडा नव्हे, गुडघा. पण पडल्या पडल्या मनात सगळी आसनं केली, उलट क्लासमधल्यापेक्षा नीट झाली. चारही दिवस धरले.

६ ऑगस्ट
सत्तावीस झाले. (मनातले धरून.)

मॅडमनी उपाय दिलाय. राग आला की दहा दीर्घ श्वास, मग बोलायचं. आज एका गिऱ्हाइकाने कुकरची किंमत सहा वेळा विचारली, शिट्टी काढून पाहिली, झाकण वाजवून पाहिलं आणि निघाला. मी श्वास सुरू केले. सातव्या श्वासाला त्याने मागे वळून विचारलं, भाऊ, दमा शे का? मग उरलेले तीन श्वास राहिले. काय बोललो ते लिहीत नाही. तो पिशवी विसरून गेला. परत न्यायलाही आला नाही. लोकांना हल्ली स्पष्ट बोलणं सोसत नाही.

२० ऑगस्ट
पर्युषण सुरू. हिला म्हटलं, चेलनाला फोन कर, सांग की पप्पा बदलले. ही म्हणाली, पर्युषणात मला खोटं बोलायला लावू नका.

तीस वर्षांचा संसार, आणि ही साक्ष. मी ताट जरा सरकवलं. ताट भिंतीपर्यंत गेलं, त्यात फरशीचा दोष आहे.

२४ ऑगस्ट
हिनेच आपणहून फोन केला. जेवढं खरं होतं तेवढंच बोलली. पाचला उठतात, प्रयत्न करतात. चेलना विरघळली. पुढच्या रविवारी आयुषीला घेऊन येते म्हणाली. आयुषीने मागून विचारलं, नानाजी दुकानात असतील की घरात? पोरगी माझ्यासाठी किती आतुर झाली आहे बघा. ही फोन ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेली. हिला आनंद दाखवताच येत नाही.

आयुषीसाठी छोटी चटई आणली. पिवळी. तिला ताडासन मी शिकवणार.

२७ ऑगस्ट, संवत्सरी
उपवास. प्रतिक्रमण केलं. योगाचा अठ्ठेचाळिसावा दिवस. मी शांत आहे. हे कोणीही येऊन तपासावं.

२८ ऑगस्ट. दुपारी
सकाळी पारणं करून दुकान उघडलं आणि पहिलं काम क्षमापनेचं. कमळ, जोडलेले हात, खाली मिच्छामि दुक्कडम. एका झटक्यात दोनशे चौदा जणांना गेलं. ठोकवाला, तोताराम, मॅडम, मंगल कार्यालयाचा मॅनेजर. कोणाला वगळलं नाही. मन मोठं लागतं.

दहा वीसला चेलनाचं उत्तर. पप्पा, हा मेसेज मला आहे की सगळ्यांना?

हा काय प्रश्न झाला? लगेच फोन लावला. म्हटलं, साठ वर्षांच्या बापाने लेखी क्षमा मागितली, आता काय स्टँपपेपरवर हवी? ती हळू आवाजात म्हणाली, माझी नका मागू, आयुषीची मागा, ती इथेच आहे. पाच वर्षांच्या मुलीची? मी म्हटलं, बरं, मागतो. मिच्छामि दुक्कडम. ती म्हणाली, ओरडू नका. मी ओरडत नव्हतो. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तोताराम त्याच्या दुकानातून धावत आला आणि विचारू लागला, मोहनभाऊ, काय व्हयनं, कोणी चोर शे का?

चेलनाने फोन ठेवला. माझं वाक्य अर्धं असताना.

२९ ऑगस्ट
रविवारी येत नाहीत. चेलनाने हिला कळवलं, मला नाही.

जेवताना हिने सांगितलं. काल त्यांच्याकडे फोन स्पीकरवर होता. मी बोलत असताना आयुषी पुढे आली, हात जोडले आणि आपणच म्हणाली, मिच्छामि दुक्कडम नानाजी. दोनदा म्हणाली. कशाबद्दल, ते चेलनाने नंतर विचारलं, तर तिलाही सांगता आलं नाही.

मी हिला म्हटलं, मला कसं ऐकू आलं नाही? ही म्हणाली, तुम्ही बोलत होतात.

राग आलाय. माझाच मला. आज योगाला गेलो नाही.