पद्मिनीच्या गिअरचं तेल

५ फेब्रु., अमरावती
धाकट्या दिरांचा, प्र.चा, अकोल्याहून फोन. ह्यांच्या पद्मिनीला गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी गाडी घेऊन या. "वैनी, उभ्या उभ्या सडून राहिली ना ते." उभी कुठे? हे गेल्यापासून दर शनिवारी मीच चालवते. विकायची नाही मला. पण ह्यांच्या आजारपणात प्र.नी दवाखान्यात महिना काढला. त्यांना नाही कसं म्हणू? "बघू" म्हटलं.

६ फेब्रु.
गजूच्या गॅरेजवर. गाडी आधी फिरवून गरम केली, म्हणजे तेल नीट निथळतं. गिअरबॉक्सचं खालचं बूच मी खोललं. तेल काळं, बोटावर घेतलं तर चकाकी. पितळेचा चुरा. गजू म्हणे, "बाई, अंदर घासलं सारं. म्हणून आवाज करते." दुसऱ्या गिअरला कण्हते, खरंय. मी तो तिचा स्वभाव समजत होते.
प्र.ना सांगितलं. उपाय तयार. "जाड तेल टाकून द्या. आवाज दबते. गिऱ्हाईकाले काय समजते?"

७ फेब्रु.
गाडीच्या पुस्तकात आहे तेच तेल आणलं. बाजूच्या भोकातून ओघळ येईपर्यंत भरलं, बूच लावलं. बाही खराब. गजू : "जाड नाई टाकत काहून?" म्हटलं, कोणाला फसवायचं नाही. चेहरा सरळ ठेवला. खरं म्हणजे आवाज ऐकून गिऱ्हाईक पळायला हवं. साप मरेल, काठीही मोडणार नाही.

८ फेब्रु., रवि., अकोला
गाडी मूर्तिजापूरपर्यंत कण्हली, पुढेही. मजेत ऐकत आले.
गिऱ्हाईक हिवरखेडचे एक रिटायर्ड गुरुजी. शेजारी बसवून चक्कर मारली. दुसरा गिअर मुद्दाम लांबवला. वर सांगूनही टाकलं, तेलात पितळ निघालं. मागे बसलेले प्र. खोकले.
गुरुजी म्हणाले, "बाई, चार गाड्या पाह्यल्या. साऱ्यायत जाड तेल. खरं सांगनाऱ्या तुमीच. हेच घेतो मी."
मी तिसरा गिअर टाकला.

९ फेब्रु., अमरावती
कागद शोधते सांगून गाडी परत आणली. गुरुजी बुधवारी न्यायला येणार. प्र. फोनवर खूश. "वैनी, तुमच्या खरेपनानं काम झालं." फोन ठेवल्यावर रडू आलं. स्वतःचा राग जास्त. एवढी खटपट करण्यापेक्षा दोन अक्षरं बोलले असते तर.

१० फेब्रु.
सकाळी गाडीखाली वाकून बघितलं. गळत नाही. पातळी बरोबर.
नंतर प्र.ना फोन लावला. काय बोलायचं ते आंघोळ करताना पाठ केलं होतं.
"बोला वैनी."
विचारलं, नाश्ता झाला का? झाला म्हणाले. मग फोन ठेवला.
उद्या बुधवार.