पालकांनी सभेला हजर राहावे

वाकोला,
१४ जुलै १९८६

दादा,

द्रौपदीचा जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हटलं की तुम्ही मुद्दाम चढता, म्हणून मी काही म्हणत नाही. रतनच्या शाळेचा विषय तुम्ही मागच्या पत्रात बंद केलात, तो जरा पुन्हा उघडते.

गेल्या शुक्रवारी नळ पाचला आला. दोन हंडे भरले, भाकऱ्या थापल्या, रतनची वेणी घातली, तिला पालिकेच्या शाळेत सोडलं आणि मी अंधेरीला माझ्या शाळेत गेले. (माझी म्हणजे मी जिथे केर काढते ती, बंगल्यातली. तिथे घंटा नाही, परीक्षा नाही. मुलं हात वर करून सगळं ठरवतात. मागे त्यांनी आठवडाभर गणित बंद ठेवलं, मग कंटाळून मतदानानेच पुन्हा सुरू केलं.) सभेत विषय होता, मागच्या वस्तीतली मुलं आपल्याकडे का येत नाहीत. हा तिसरा शुक्रवार. मृणालिनीताई (शाळा त्यांनीच काढली, मनाने चांगल्या आहेत) अगदी कळवळून बोलत होत्या. फी माफ करायला त्या तयार, पण नियम असा की आई किंवा बापाने दर शुक्रवारी अकराच्या सभेला आलंच पाहिजे. आता कामावरचा माणूस अकराला कुठून मोकळा असणार? मी मधूनच केरसुणी फिरवत होते. "पाय वर घ्या" म्हटलं की सगळे घेतात, बोलणं काही थांबत नाही.

शेवटी मला राहवेना. केरसुणीसकट हात वर केला. "ताई, दर शुक्रवारी इथे हजर असते अशी आई मी एकटीच. बाकीच्यांचे ड्रायव्हर येतात."

एक सात वर्षांची चिमुरडी म्हणाली, "मग तुमची मुलगी कुठंय?"

दादा, परीक्षा नसलेली शाळा दुकानवाल्यांच्या पोरांना परवडते, आपल्याला नाही, असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे. म्हणून मी विचारून घेतलंय, दहावीला बाहेरून बसता येतं. पण रतनच्या वर्गात सत्तर मुलं. तिचे बाबा गेल्यापासून ती वर्गात बोलत नाही, हे गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "बरंय की, शांत आहे मुलगी." (हे संध्याकाळी यांना सांगू, असं मनात आलं. दोन वर्षं झाली, अजून येतं.)

रतनला घ्यायचं का, यावर मतदान झालं. एकवीस विरुद्ध शून्य. मृणालिनीताईंनी दोन्ही हात वर केले, मुलांनी एकच मोजला.

तुमचं मत कळवा. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही.

तुमची,
द्रौपदी

ता. क. नव्या मुलाच्या घरच्या कोणीतरी आपलं काम मुलांना शिकवायचं, अशी अट आहे. केर काढणं आम्हाला येतं असं मुलं म्हणतात (येत नाही). म्हणून मी तुमचं सुतारकाम सांगितलं. सर्वानुमते मंजूर झालंय. येत्या शनिवारी रंधा घेऊन या.

पुन्हा ता. क. तुमच्या उत्तरासाठी थांबणार होते. पण सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पालिकेच्या शाळेत जाऊन रतनचा दाखला काढला.