मोठी माय आणि चार घरं

३ जानेवारी १९८७

इश्वर आज चपला न काढताच घरात आला. म्हणते, "मोठी माय, आता दवाखान्याची बिलं काम्पुटर पाहीन." मी म्हटलं, पाहू दे बाप्पा, आतापर्यंत तर कोणीच पाहत नव्हतं.

काम्पुटर नागपूरले बसते. थंड खोलीत. आत जाताना चपला बाहेर काढा लागतात म्हणे. इथं नाकाडोंगरीच्या खाणीत माणसं उन्हानं भाजतात, त्याइले पाण्याचा माठ भरून मिळाला तरी खूप झालं. मशीनले मात्र गारवा पाहिजे. नाजूक घरची असन.

माहा इश्वर खाणीच्या ऑफिसात बिलंच बनवते. कामगाराच्या घरचं कोणी बिमार पडलं का डॉक्टरची चिठ्ठी, दवाईची पावती लावून कागद वर पाठवते. आता फेब्रुवारीपासून नवा कागद. तयारी सगळी त्याच्याच डोक्यावर. साहेब — मधुकरराव — नागपूरले जाऊन काम्पुटर पाहून आले. दारातूनच. पण सांगतात असे, जसं लहानाचं मोठं त्यायनंच केलं त्याले.

९ जानेवारी

इश्वरनं नवा कागद दाखवला. नुसती घरं! रांगोळीच्या आधी ठिपके मांडतो तशी, बारीक बारीक. एका घरात एक अक्षर, तेही इंग्रजीतलं. घराबाहेर काही लिहिलं तर मशीन कागद फेकून देते. इश्वर दिवसभर कामगाराइले हेच शिकवते, "घराबाहेर जाऊ नका, घराबाहेर जाऊ नका." एवढं तर मी सुनेलेही कधी म्हटलं नाही.

बिमारीले नंबर दिले आहेत. तापाचा वेगळा, खोकल्याचा वेगळा. खाणीतला डोमा आला होता, त्याले कणकण होती. कणकणीले नंबरच नाही. इश्वर म्हणे, "डोमाभाऊ, यातलं एक काहीतरी सांगा." डोमा म्हणते, "ज्याच्यात जास्त सुट्टी आहे तो टाक ना."

तुळसा, माही नात, हसून हसून खाली बसली. तिनंच मले लिहाले शिकवलं, बायाइच्या रात्रीच्या वर्गात. आता माहा हात थांबत नाही आणि डोळे साथ देत नाहीत. कसं जमवलं देवानं, पाहा.

१४ जानेवारी

संक्रांत. साहेबानं सगळ्याइले तिळगूळ दिला, गोड बोला म्हटलं, आणि तठीच इश्वरवर ओरडले.

२१ जानेवारी

भंडाऱ्याले जाऊन आलो. एसटीत इतके हिसके बसले का मोतीबिंदू रस्त्यातच निघून पडते का काय असं वाटलं. नाही पडला. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्याच्या आत ऑपरेशन करा, नाही तर हा डोळा हातचा जाईन. दुसरा तर आधीच धुक्यात आहे. ऑफिसची मंजुरी आणा, मंग तारीख देतो म्हणाले.

मंजुरी म्हणजे तोच कागद. घरवाला.

२४ जानेवारी

घोळ झाला. कागदात नात्याचीही घरं आहेत. बायको चालते, लेकरं चालतात, मायबाप चालतात. बाकी कोणी नाही.

मी इश्वरची माय नाही. मोठी माय आहे. त्याची माय कौशल्या, माही देरानी, धाकट्या दिराची बायको. हा पाळण्यात असताना ती गेली. माही कूस तशीच राहिली होती, म्हणून मी याले उचलला, तो आजपर्यंत खाली ठेवला नाही. आधीच्या कागदावर इश्वर सरळ 'मोठी माय' लिहे. वरचा बाबू आमच्याच भागातला, त्याले सांगा लागत नव्हतं. दवाई येत होती. मशीन कोणत्या गावची कोणाले माहीत.

तुळसा म्हणे, "बाबा, माय म्हणून लिहून टाका ना. कोण पाहून राहिलं?"

इश्वरनं जेवण सोडलं. म्हणते, "मीच लोकाइले सांगतो खोटं लिहू नका. आणि जिनं मले जन्म दिला, तिचं नाव पुसू का?"

मीही म्हटलं, कौशल्याची जागा मले नको. डोळ्याचं काय, आतापर्यंत पाहिलं ते कमी आहे का? सारं पाहून झालं.

खोटं बोलली. तुळसाचं लग्न पाहाचं आहे मले.

२ फेब्रुवारी

आज कागद भरला. मी जवळच बसून होती. इश्वर देवाले हात जोडून बसला, जसं काम्पुटर वरून पाहून राहिला. म्हणे, "मी खरंच लिहीन. मंग मशीन जे करन ते करन."

नात्याची घरं आली. त्यानं मोठी माय लिहाले घेतलं. एम. ओ. टी. एच. घरं सरली.

चारच घरं! 'मोठी'ची वेलांटीच बाहेर राहिली, माय तर दूरच. इश्वरनं पेन कागदाच्या कडेले नेला. म्हणते, "बाजूले लिहितो बाकीचं."

तुळसानं हात धरला. "बाबा, घराबाहेर?"

मंग ती कागदाच्या मागचा छापील तक्ता पाहाले लागली. पाहता पाहता तोंडावर पदर घेतला पोरीनं. इंग्रजीत मायले मदर म्हणतात, आणि मशीनच्या तक्त्यात मदरचीही तीच चार अक्षरं. एम, ओ, टी, एच.

इश्वर म्हणते, "पण मी तर मोठी लिहिलं."

मी म्हटलं, "तू मोठीच लिहिलं रे. मशीनले कमी ऐकू येते, त्याले तू काय करशीन?"

त्यानं ती चार अक्षरं पुन्हा बोट लावून वाचली. मंग सही केली. एक अक्षर खोटं नाही लिहिलं माह्या लेकानं, आणि एक अक्षर घराबाहेर नाही.

११ फेब्रुवारी

काही खबर नाही. मशीन विचार करून राहिली असन. साहेब म्हणतात काम्पुटर एका मिनटात काम करते. ते मिनिट नागपूरवरून निघालं, तुमसरले अडकलं.

१९ फेब्रुवारी

मंजूर! साहेबानं सगळ्याइसमोर सांगितलं, "इश्वरराव, नव्या नमुन्याचं पहिलं मंजूर प्रकरण तुमच्या आईचं. पेढे आणा." इश्वरनं पेढे आणले. साहेबाले काही सांगितलं नाही. घरी येऊन पहिला पेढा कौशल्याच्या फोटोपुढं ठेवला, दुसरा माह्या हातात. मी म्हटलं, मशीनलेही एक पाठव, थंड खोलीत टिकन.

१४ मार्च

ऑपरेशन झालं, डोळ्याची पट्टी निघाली. मागची पानं वाचली — केवढाली अक्षरं, ओळीवर ओळ चढलेली. काम्पुटरनं कधीच फेकली असती.

एक लिहाचं राहिलं होतं. भंडाऱ्याले भरती करताना सिस्टरनं इश्वरले विचारलं, "ह्या तुमच्या कोण?" तठी काही घरं नव्हती, कितीही लांब बोलता आलं असतं.

इश्वर म्हणाला, "माय."