पंच्याऐंशीची लेन्स आणि खंडूअण्णांचं सुंबरान

शनि., ४ जाने. सूस.
कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स संध्याकाळ झाली की आंधळी होते, हे तिसऱ्यांदा सिद्ध. ऑफिसातल्या पोरांच्या बँडचे परवाचे फोटो: गाणारी धूसर, गिटारवाला धूसर, मागचा पंखा मात्र लखलखीत. नवरा म्हणाला, "पंख्याचा चांगला आलाय." बोलले नाही त्याच्याशी जेवण होईपर्यंत.
कमी उजेडातली लेन्स हवी. ५० मिलिमीटरची की ८५ ची? दोन्ही सारख्याच उजेडाच्या. ७०-२०० ची झूम उचलून बघितली होती, वरवंटा आहे नुसता.

मंगळ., ७ जाने.
दुकानात तासभर. दुकानदार कंटाळला नाही, आश्चर्य. म्हणाला, "मॅडम, आधी तुम्ही कुठे बसणार ते ठरवा. लेन्स मग आपोआप ठरते." ५० ला गाणाऱ्याच्या अगदी पुढ्यात बसावं लागतं. ८५ ला लांब खुर्चीत बसूनही चेहरा भरून येतो.
आधी भाड्याने नेऊन बघा म्हणाला. कुठली ते कळवते म्हटलं.

गुरु., ९ जाने.
दादाचा फोन, मुळशीहून. शनिवारी त्याच्या रिसॉर्टवर पाहुण्यांसाठी धनगरी ओव्या. गाणार कोण, तर खंडूअण्णा! "तू फोटो काढ, शैले. पाटीवर लावू."
अण्णांना पाहून वीस वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात त्यांची मेंढरं आमच्या खाचरात बसायची, खतासाठी. आई रोज भाकऱ्यांची चवड पाठवायची, मी पोचवायची. त्याच खाचरावर आता दादाच्या खोल्या आणि पोहण्याचा तलाव. अण्णांचा कळप बसायची जागा गेली, ते कुणी त्यांना विचारलंही नाही. मीही सही केली होती कागदांवर.
८५ घेतली भाड्याने. कारण वहीत तरी खरं लिहावं: ५० घेतली असती तर अण्णांच्या घोंगडीला गुडघा लावून बसावं लागलं असतं.

रवि., १२ जाने.
काल जे झालं ते लिहायचं टाळतेय सकाळपासून. दोनदा ओटा पुसला.
सात वाजता सुरू झालं. पिवळे दिवे, हिरवळीवर घोंगडी, पाहुणे खुर्च्यांवर, मीही खुर्चीवर. अण्णा केवढे वाळलेत. कपाळाला भंडारा, हात कानावर, डोळे मिटून सुंबरान मांडलं. दादा माईकवरून पाहुण्यांना सांगत होता, "आता देवांना एकेकाला नाव घेऊन बोलावणार, मग ओवी." आवाज असा लागला की माझ्या शेजारच्या बाईने हातातला मोबाइल खाली ठेवला. आणि माझी लेन्स पुढेमागे चाचपडत बसली. अण्णांचा चेहरा सोडून मागच्या माडाला धरलं तिने. सुंबरान संपलं, एकही फोटो नाही.
मी उठून पुढे गेले. सगळ्यांसमोर. "अण्णा, तेवढं पहिलं परत म्हणाल का? फोटो हलला."
ते हसले. "सुंबरान येकदाच मांडायचं आस्तंय, ताय. देव आल्याती. आता पुन्हा कुनाला हाक मारू?"
इथे गप्प बसायचं होतं.
म्हटलं, "दोनच ओळी. माझ्यासाठी."
माझ्यासाठी! माहेरी आलेल्या लेकीने काही मागितलं तर त्या गावात कुणी नाही म्हणत नाही, आणि अण्णा तर आईच्या भाकरीला जागणारे. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मागितलं.
पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, "वन्स मोअर" म्हणाले. अण्णांचे चुलतभाऊ लक्ष्मणतात्या, त्यांनी झांज घोंगडीवर ठेवली आणि धरणाच्या पाण्याकडे बघत बसले. अण्णांनी एकट्याने म्हटलं. दोन ओळी. आवाज तो नव्हताच. मान खाली होती.
फोटो मिळाला.

सोम., १३ जाने.
मोठ्या पडद्यावर पाहिला. पापणीचा केस न केस दिसतोय. आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो. मेले.

गुरु., १६ जाने.
आमच्या फोटो-मंडळाच्या ग्रुपवर टाकला. टाकायचा नव्हता, टाकला. "काय तल्लीनता!" "भक्तीचा चेहरा!" एकाने तर लिहिलं, देव दिसतोय.
तल्लीन कुठले, ओशाळले होते ते. परक्यांसमोर देवाशी खोटं बोलायला लावलेल्या माणसाचा चेहरा आहे तो. मी खाली हात जोडल्याची खूण टाकली आणि "धन्यवाद" लिहिलं.

रवि., १९ जाने.
मंडळाच्या प्रदर्शनात निवड झाली. फॉर्ममध्ये नाव लिहायचं होतं फोटोचं. 'सुंबरान' लिहिलं, पाठवलं. अर्धा मिनिट आनंद झाला, मग जेवण गेलं नाही.
दादालाही हाच फोटो पाटीसाठी हवाय. "अण्णांना विचारलंस का?" म्हटलं, तर म्हणे, "त्यात काय इचारायचं? घरचाच मानूस हाय." थांब जरा म्हटलं. कशासाठी ते सांगितलं नाही.

बुध., २२ जाने.
दुकानदाराचा मेसेज. लेन्स ठेवताय का? अजून दोन आठवडे ठेवते म्हटलं. लेन्सचा काय दोष. माकडाच्या हाती कोलीत.

रवि., २६ जाने.
धनगरवाड्यावर जाऊन आले. एकटी. कॅमेरा घरी. फोटोची मोठी प्रत पुठ्ठ्यात घालून नेली.
अण्णा अंगणात शेरडांना पाला टाकत होते. आता दहाबाराच शेरडं, मेंढरं विकली. सुनेने चहा ठेवला. मी वाटेत सगळं पाठ केलं होतं, तोंड उघडल्यावर एवढंच आलं, "अण्णा, चुकलं माझं."
"कशाचं?"
सोडलं नाही त्यांनी, सांगायला लावलं. पाला टाकत राहिले, माझ्याकडे बघत नव्हते. अडखळत सांगितलं, सुंबरान दोनदा म्हणायला लावलं त्याचं. माहीत असून मागितलं, हेही सांगितलं.
म्हणाले, "लक्षुमन बोलत न्हाई माझ्याशी तवापासनं. म्हनतो, देव काय तुझं नोकर हायेत व्हय, येकदा या, पुन्हा या? खरं हाय त्याचं. घरी येऊन बिरोबाम्होरं नाक घासलं मी." मग पाल्याची एक फांदी मोडून शेरडापुढे टाकली. "पन तुमी मागितलंत. तुमच्या आयची भाकर खाल्ली हाय. न्हाई कसं म्हनू?"
म्हटलं, लक्ष्मणतात्यांना मी भेटते, माफी मागते. "नगं," म्हणाले. "त्यो लई तिरसाट. माझं मी बघतो."
दादा पाटीवर लावायला मागतोय, मी त्याला अडवलं नाही तर तो लावेल, तेही सांगितलं.
फोटो दिला. धोतराला हात पुसून घेतला, उन्हात धरून पुष्कळ वेळ बघितला. सूनही वाकून बघत होती. "मामंजी किती ग्वाड दिसत्यात," म्हणाली.
अण्णा म्हणाले, "चांगला काढलाय. ठिवा. लोकास्नी दावा. पन ह्यात मी गातोय आसं कुनाला सांगू नगा."
प्रत परत माझ्या हातात दिली. गाडीत बसून रडले. पौडपर्यंत.

सोम., २७ जाने.
दादाला फोन. पाटीवर नाही म्हणजे नाही, सांगून टाकलं. का ते सगळं सांगितलं. "शैले, तू लईच मनाला लावून घेतीस," म्हणाला, पण ऐकलं. तलावाचा फोटो लावणार आता.
प्रदर्शनातून मागे घेण्याचं पत्र लिहायला बसले. लिहून झालं. पाठवलं नाही. अण्णा स्वतःच 'लोकास्नी दावा' म्हणालेत, असं मनाशी घोकतेय. पण खरं ते नाही. फोटो भिंतीवर लागावा, लोकांनी समोर उभं राहावं, हे मला अजूनही हवंय. कालचं सगळं होऊनसुद्धा. त्याचीच जास्त लाज वाटते.

बुध., २९ जाने.
८५ मुदतीआधीच परत केली. दुकानदाराने विचारलं, "मग, ५० देऊ?" मला अजून माहीत नाही कुठे बसणार ते. बघू म्हटलं.
दुपारी मंडळातून फोन. फोटोंखालची कार्डं छापायला चालली आहेत. 'सुंबरान' हे नाव काढा, असं सांगितलं मी. "अहो, नाव तर फार सुंदर आहे! मग काय लिहू?" थोड्या वेळाने कळवते म्हटलं.
तीन नावं लिहिली आणि खोडली. 'ओवीकार'. 'खंडूअण्णा, ओवी म्हणताना'. 'धनगरी गाणं'. तिन्हींत ते गातच आहेत.
चारला कार्डं जाणार. सव्वातीन झालेत. मागे घ्यायचं पत्रही अजून तसंच पडलंय.