भिंतीवरची दोनशे चौदा मेंढरं

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
बुधवार

तीर्थस्वरूप मुंजाबामामा यांस, सांडूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामीच्या खोकल्याला अडुळसा लागू पडला का? आम्ही खुशाल आहोत, म्हणजे चित्र सोडून.

तुम्ही मेंढरं विकली त्याच दिवशी मी ठरवलं होतं की तुमचा कळप भिंतीवर उभा करायचा. कंपनीनं फेकलेल्या रबरी पट्ट्यात तुमची खूण कोरली: पावणेदोन इंच, उजवीकडं वळलेला, गळासारखा आकडा, जसा तुम्ही गेरूनं मेंढराच्या पाठीवर काढायचा. सिमेंटच्या गोण्यांचा कागद जोडून त्यावर दोनशे चौदा ठसे उमटवले. (मोजून घ्या. कॉलेजात शिकलेले अंदाजानं करतात. मी कुणाकडं शिकलो नाही, म्हणून माझं माप चुकत नाही.)

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला एका बाईंनी चित्रातली स्थलांतराची वेदना वीस मिनिटं समजावून सांगितली. मलाही ती नवीनच होती. मग हॉलचे वॉचमन धोंडिबा (पूर्वी मेंढरंच राखायचे) मान तिरकी करून म्हणाले, “लई भारी! पण ही तर बिभीषणाची मेंढरं!”

मामा, ठसा कागदावर उलटा उमटतो. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही; त्या दिवशी ध्यानात नव्हतं. आकडा डावीकडं वळला, आणि डावा आकडा अख्ख्या लासूर भागात एकट्या बिभीषणाचा. तुमची अकरा बिनखुणेची कोकरं त्यानं आपली म्हणून ठेवून घेतली, तेव्हापासून पंधरा वर्षं तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत, हे मला सांगायला नको.

मी लगेच चित्रासमोर आरसा टांगला. त्यात आकडा उजवा दिसतो. (पेपरात आरशाचंच कौतुक जास्त आलं.) रविवारी याल तेव्हा चित्राकडं पाठ करून उभे राहा, हल्लीची कला अशीच बघतात.

आपला भाचा,
सांडू (ठसेचित्रकार)

ता. क. या चुकीबद्दल कुठं बोलू नका. ते मुद्दाम केलं असं मी सगळ्यांना सांगितलंय.

ता. क. दुसरा. काल बिभीषण येऊन गेला. आरशाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. तासभर चित्रासमोर उभा होता. त्याचीही मेंढरं मागच्या साली विकली गेली. मग अभिप्रायाच्या वहीत त्यानं माझ्याकडून लिहून घेतलं (अक्षर माझं, त्याला लिहिता येत नाही): “समदी माझी. त्यातली अकरा मुंजाबाची.” खाली त्याचा अंगठा आहे, माझ्या शाईचा.

पत्राचं कारण एवढंच की रविवारी तोही तुमच्याच गाडीनं येतोय. खिडकीची जागा तुम्ही घ्या, पण शेजारची त्याला धरा.