लुगड्याचं दुसरं टोक

सगुणे,

जयभीम. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. "आजी, मेलेल्या माणसाला पत्र धाडणार कुठं?" विचारते. म्हटलं, तू लिही गं.

तुझ्यामाघारी आज पहिल्यांदा गोदावरीवर गेले. लुगड्यानं मासे धरायला दोन टोकांना दोघी लागतात. या घरात आल्यापासून आपण दोघी जावाच ते करत आलो. आज तुझं टोक काठच्या बाभळीला बांधलं आणि माझं धरून पाण्यात अर्धा फेरा मारला. बाभूळ तुझ्यापेक्षा बरी हाय, मधेच तंबाखू मळायला टोक सोडत नाही!

वाटीभर मासळी मिळाली. झणझणीत कालवण केलं, तुझा वाटाही मीच खाल्ला. रडू येईल वाटलं होतं, पण लई गोड लागलं.

शेजारची प्रज्ञा म्हणाली, "आजी, उद्या मी येते, दुसरं टोक धरते."

पोरगी गुणाची हाय. तरी म्हटलं, "नको गं बाई. तू आलीस की तुझ्याशी बोलावं लागेल. मग मी सगुणाशी कधी बोलू?"

तुला अजून शिव्या घालणारी,
थोरली जाऊ भागाबाई